पाते फिरंगी, मूठ मराठी, धार शिकलगाराची

१/ एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात एक तलवार विक्रीस आली. ती नागपूरकर भोसले घराण्यातील पहिल्या रघुजींच्या नावाची होती. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. बातम्या पुष्कळ झाल्या. त्या गडबडीत पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेल्या एका देवनागरी ओळीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले.

२/ त्या ओळीत तीन गोष्टी आहेत. पहिली, मालकाचे नाव: रघुजी भोसले. दुसरी, त्यांचा किताब: सेनासाहेबसुभा. तिसरी, शस्त्राची जात: फिरंग. यांपैकी किताब साताऱ्याच्या गादीचा, छत्रपती शाहूंनी दिलेला. म्हणजे तलवार नागपूरची असली तरी तिच्यावरची मुद्रा साताऱ्याचीच म्हणावी लागेल. चौथी गोष्ट मात्र त्या ओळीत नाही. ही तलवार घडवली कुणी?

३/ हा प्रश्न जपानमध्ये विचारला असता तर उत्तर बहुधा तलवारीतच सापडले असते. जपानी तलवारीचे पाते मुठीत एका बांबूच्या खुंटीने बसवलेले असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि मुठीत दडलेल्या लोखंडी शेपटावर लोहाराने छिन्नीने कोरलेले नाव दिसते. कधी गाव, कधी सालही. सर्वच तलवारींवर असे नाव नसते. लांब तलवारी पुढे आखूड केल्या तेव्हा अनेकींची नावे कापली गेली. तरीही तेथील संग्राहक प्रथम विचारतो ते घडवणाऱ्याचे नाव. आपल्याकडे प्रथम विचारले जाते ते बाळगणाऱ्याचे.

४/ वर्गीकरणातही हाच फरक आहे. जपानी प्रकार मुख्यतः लांबीवर आणि बाळगण्याच्या पद्धतीवर ठरतात. ताची कमरेला धार खाली करून टांगायची, काताना धार वर करून पट्ट्यात खोचायची; दोन शाकू म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटरांच्या आतील ती वाकिझाशी, एका शाकूच्या आतील तो तांतो. मराठी नावांत अशी मोजपट्टी नाही. येथे एक नाव आकारावरून आले, दुसरे पात्याच्या मुलखावरून, तिसरे हात कसा अडकवायचा यावरून. म्हणून एकच शस्त्र कधी धोप ठरते, कधी फिरंग, आणि दोन्ही बरोबर असते.

५/ फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातले पाते बसवलेली तलवार. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय पाती समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर येत. जर्मनीतील झोलिंगेन हे त्यांचे मोठे केंद्र. इटली आणि स्पेनचीही पाती येत. गोवा, चौल, वसई ही पोर्तुगीज ठाणी जवळच होती. येथे येई ते बहुधा नुसते पाते. त्यावर मूठ चढे ती देशी.

६/ ही देशी मूठ नीट पाहण्यासारखी असते. हाताच्या बोटांवरून वळून येणारी रुंद परज, आत हात घासू नये म्हणून कापडाची गादी, आणि मुठीच्या शेवटी चकती. त्या चकतीतून मागे निघालेला लोखंडी गज हे या मुठीचे वैशिष्ट्य. जोराचा वार करताना दुसरा हात या गजावर ठेवता येई आणि मनगटामागच्या भागालाही थोडे संरक्षण मिळे. खांडा या जुन्या सरळ, दुधारी, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या शस्त्राची मूठ याच कुळातली. थोडक्यात, खांड्याची मूठ आणि परदेशी पाते यांचे लग्न लागले आणि फिरंग जन्मली.

७/ धोप हे नाव आकाराचे. लांब, सरळ किंवा किंचित वाक असलेले पाते, घोड्यावरून वापरण्यास सोयीचे. घोडेस्वाराला खाली असलेल्या पायदळाच्या माणसापर्यंत पोहोचायचे असते. त्याला लांबी हवी. याउलट मोगली वळणाची तलवार अधिक वक्र असते, तिची मूठ आखूड आणि मागे गोल चकती. प्रथमच हातात घेणाऱ्याला ती मूठ लहान वाटते. ती लहान नसते. चकती मनगटाला अडते आणि हात आपोआप खेचून कापण्याच्या दिशेने वळतो. या तलवारीने भोसकायला गेल्यास तीच चकती त्रास देते. इराणी वळणाची समशेर याहूनही वक्र आणि निमुळती, तेगा रुंद आणि जड. कट्यार, बिचवा, जांबिया ही वेगळी बिरादरी. त्यांचा विचार येथे नको.

८/ पट्ट्याचा विचार मात्र हवा. पट्ट्यात मूठ आणि चिलखती दस्ताना एकच असतात. हात कोपरापर्यंत आत जातो, आतील आडव्या दांडीवर मूठ आवळली जाते आणि मनगट जवळपास बंद होते. त्यामुळे पट्टा मनगटाने फिरत नाही, कोपर आणि खांद्याने फिरतो. भोवतालची जागा मोकळी ठेवणे हे त्याचे खरे काम. म्हणूनच अनेकांनी घेरलेल्या माणसाच्या हाती तो शोभतो. संग्रहालयांतील अनेक जुन्या पट्ट्यांना युरोपीय पातीच बसवलेली आहेत. आजच्या मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकांतील पट्टा पुष्कळदा पातळ आणि लवलवता असतो. तळहातावरचे लिंबू कापण्यास तो उत्तम. पण त्यावरून जुन्या लढाईच्या पट्ट्याचे वजन आणि ताठरपणा यांचा अंदाज बांधू नये.

९/ सातारा जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले त्यातही पट्टा आहे. अफझलखानासोबतचा सय्यद बंडा हा पट्ट्याचा वाकबगार समजला जाई. त्याचा वार जिवा महालाने अडवला, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठीत कायमची राहिली. या प्रसंगात शस्त्राचे नाव, चालवणाऱ्याचे नाव आणि अडवणाऱ्याचे नाव अशी तीनही टिकली, हे विरळा. त्या दिवशी वापरलेल्या शेकडो पात्यांना धार लावणारे कुणीतरी असणारच. त्यांच्यापैकी एकाचेही नाव टिकलेले नाही.

१०/ आता सर्वाधिक चर्चेच्या दोन तलवारींकडे. एक लंडनला ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात कोल्हापूरचे चौथे शिवाजी यांच्याकडून ती भेट म्हणून गेली. ‘जगदंबा’ या नावाने ती ओळखली जाते. दुसरी साताऱ्यात, छत्रपतींच्या जलमंदिर वाड्यात, ‘भवानी’ म्हणून पूजली जाते. यांतली खरी भवानी कोणती, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ शाई सांडली आहे. १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी लंडनची तलवार परत आणण्याची घोषणा केली तेव्हा तर हा वाद घराघरांत पोहोचला.

११/ या वादात उतरण्याआधी दोन्ही तलवारी स्वतःविषयी काय सांगतात ते पाहणे बरे. लंडनच्या तलवारीचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या सूचीत आहे: लांब, सरळ, युरोपीय पाते, दोन्ही अंगांना लांबीभर पन्हळ, मुठीजवळ आणखी एक आखूड पन्हळ, आणि तीत आयएचएस ही तीन रोमन अक्षरे तीनदा ठोकलेली. मूठ खांड्याच्या धाटणीची, सोन्याच्या वेलबुट्टीची. मुठीमागचा गज कापून टाकलेला. म्हणजे ही स्पष्टपणे फिरंग आहे. ती तीन अक्षरे येशूच्या नावाची ख्रिस्ती खूण आहे. जगदंबेच्या नावाच्या तलवारीवर ही खूण असावी, यात त्या काळच्या माणसाला काही विपरीत वाटले असेल असे दिसत नाही. चांगले पाते ते चांगले पाते.

१२/ साताऱ्याच्या तलवारीवरील अक्षरांत शाहूंचे नाव येते. त्यामुळे ती निदान शाहूंच्या काळात साताऱ्याच्या राजघराण्याची होती, एवढे तलवार स्वतः सांगते. त्याआधी ती कुणाच्या हाती होती, हे पात्याला विचारून कळणार नाही. ते कागदाला विचारावे लागते. श्रद्धेला तलवार पुजण्यासाठी पुराव्याची गरज नसते, आणि इतिहासाला श्रद्धा दुखावण्याचीही गरज नसते. परंतु दोघांची भाषा एकमेकांत मिसळली की वाद सुटत नाहीत. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखे आली तेव्हाही हेच झाले. ती १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्यातून त्या संग्रहालयाकडे गेली. ती शिवाजी महाराजांनीच वापरली याची खात्री देता येत नाही, असे खुद्द ते संग्रहालयच सांगते.

१३/ या सगळ्या वादांत एक व्यक्ती कायम गैरहजर असते: शिकलगार. हा शब्द अरबी-फारसीतून आला. ‘सैकल’ म्हणजे चकाकी देणे, घासून उजळणे. ते करणारा तो सैकलगर, मराठीत शिकलगार. धार लावणे, गंज काढणे, पाते सरळ करणे, मूठ बसवणे, म्यान दुरुस्त करणे, हे त्याचे काम. आपल्याकडची मूठ खुंटीने बसत नाही. पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून त्याभोवती लाखेचे मिश्रण वितळवून ओतले जाते. ते थिजले की पाते पक्के. सैल झाले तर मूठ तापवून पुन्हा बसवायची. म्हणूनच एका पात्याने आयुष्यात तीन-चार मुठी पाहिलेल्या असू शकतात आणि आजोबांचे पाते नातवाच्या मुठीत सापडते.

१४/ जौहरदार पोलादाच्या पात्यावर तर त्याचे कसब अधिकच लागे. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत शिजवलेल्या पोलादापासून घडवलेल्या पात्यात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दडलेली असते. तिलाच जौहर म्हणतात. ती रंगवलेली नसते, धातूतच असते. पाते आरशासारखे घासून त्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की ती वर येते. चुकीच्या हाताने एकदा खरखरीत कागदाने घासले की नाहीशी होते. जुन्या तलवारी ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनी जेवढे जौहर मारले तेवढे कदाचित गंजानेही मारले नसेल.

१५/ या कसबाची सर्वात मोलाची साक्ष एका इंग्रजाने दिली आहे. कॅप्टन लुई नोलन हा हिंदुस्थानात नोकरी केलेला घोडदळाचा अधिकारी. १८५४ साली क्रिमियातील बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या घोडदळावरील ग्रंथात त्याने निजामाच्या स्वारांविषयी लिहिले आहे. एका चकमकीत त्यांनी केलेल्या घावांचा अहवाल वाचून तो थक्क झाला. या तलवारी कुठल्या पोलादाच्या, अशी त्याने चौकशी केली. उत्तर अनपेक्षित होते: इंग्रज फौजेने टाकून दिलेल्या तलवारींचीच ती पाती होती. देशी मूठ बसवलेली, वस्तऱ्यासारखी धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. इंग्रज स्वाराची तलवार पोलादी म्यानात आत-बाहेर घासून बोथट होई. देशी स्वार ती लढाईखेरीज उपसत नसे. वार करण्याची काही खास पद्धत शिकवतात काय, या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा आशय असा की पद्धत काही नाही, धार आहे.

१६/ पाते तेच. फरक मूठ, म्यान आणि धार यांचा; म्हणजे ज्याचे नाव कुठेच कोरलेले नाही त्या माणसाचा.

१७/ मिरज हे आदिलशाहीपासून लष्करी महत्त्वाचे ठाणे. पेशवाईत ते पटवर्धनांकडे आले. पटवर्धनांचा सरंजाम मोठा. मिरज, सांगली, तासगाव या टापूत त्यांच्या घोडदळाची ये-जा असे. जेथे फौज तेथे शिकलगार. मिरजेत त्यांची वस्ती होती, त्यांना काम होते. १८१८ मध्ये पेशवाई संपली. साताऱ्यात इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवर बसवले, पण फौजेविना. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि १८४८ मध्ये ते राज्यच खालसा झाले. पटवर्धनांची संस्थाने राहिली, परंतु फौजा आक्रसत गेल्या. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाची मोहीम आली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याचा मार्ग बंद केला.

१८/ या कायद्याने हिंदुस्थानातील शस्त्रविद्या मारली, असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. मिरजेसारख्या संस्थानात ब्रिटिश कायदा जसाच्या तसा लागू नव्हता. आणि तेथील शिकलगारांनी धंदा बदलला तो १८५० च्या आसपास, कायद्याच्या जवळपास पिढीभर आधी. तलवार बाळगण्यास बंदी येण्यापूर्वीच तिला धार लावून घेणारा गिऱ्हाईक संपला होता.

१९/ जपानमध्ये १८७६ च्या फर्मानाने सामुराईंना कमरेला तलवार बाळगण्यास मनाई झाली. तेथील लोहारांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. सेकी हे तलवारींसाठी नावाजलेले गाव पुढे सुऱ्या-चाकूंचे झाले आणि आज जगभरच्या स्वयंपाकघरांत त्याचा माल जातो. पाते घडवणारा पात्यातच राहिला, फक्त धारेखाली मानेऐवजी मासा आला. मिरजेच्या शिकलगारांनी याहून लांबची उडी घेतली.

२०/ मिरजेत तेव्हा संस्थानाच्या आश्रयाने गवई-वादकांची ये-जा होती. त्यांची तंतुवाद्ये बिघडत आणि दुरुस्तीला जवळपास कुणी नसे. फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे-सतारी उघडून त्यांची रचना समजून घेतली, आधी दुरुस्त केल्या आणि मग नव्या घडवल्या, असे मिरजेतील परंपरा सांगते. तूणाचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा कडू भोपळा, हस्तिदंती किंवा शिंगाचे काम, तारा. शस्त्राशी संबंध तुटलेला दिसतो. हत्यारांकडे पाहिले तर तो तुटलेला नाही: कानस, छिन्नी, लाख, घासणे, चकाकी.

२१/ पुढे मिरज संगीताचे गाव झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच त्यांच्याकडे शिकले, अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये निधनानंतर येथील दर्ग्याच्या परिसरातच विसावले. त्यांच्या तंबोऱ्यांच्या सुराइतकीच त्या तंबोऱ्यांच्या कारागिरांची कीर्ती पसरली. काही घराण्यांचे आडनावच शिकलगारचे सतारमेकर झाले आणि गल्लीलाही तेच नाव पडले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीवर जे नाव कधीच आले नाही, ते वाद्यांवर आले. आता त्यांच्यावर घडवणाऱ्याची खूण असते आणि गायक ‘अमक्याचा तंबोरा’ असे म्हणून कारागिराचेच नाव घेतो.

२२/ संग्राहकांसाठी यात एक व्यवहारी बाब आहे. ‘अमक्या सरदाराची तलवार’ ही चिठ्ठी पाहून किंमत देऊ नये. सोन्याची अक्षरे नंतर भरता येतात. युरोपीय खुणाही विश्वासू नसतात: विळ्यासारख्या दातेरी चंद्रकोरीची जिनोव्हा धाटणीची खूण किंवा धावणारा लांडगा देशी लोहारांनी सर्रास नकललेला आहे. पाहायचे ते पन्हळीची सफाई, परजेखालची जुनी झीज, लाखेचा जुनाटपणा. धार लावू नये, आम्ल लावू नये, मूठ तापवू नये. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही; तलवार बाळगण्याविषयी १९५९ च्या शस्त्र कायद्याचे स्थानिक नियम वेगळे पाहावे लागतात.

२३/ मर्दानी खेळ शिकणाऱ्यांनी कधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत थोडा वेळ थांबावे. तेथे जवारी काढण्याचे काम पाहायला मिळते. तार ज्या घोडीवर टेकते तिचा पृष्ठभाग अगदी हलक्या चढ-उताराने घासावा लागतो. तार त्याला पूर्ण टेकताही कामा नये आणि पूर्ण सुटताही कामा नये. कारागीर कानस दोन-तीन वेळा फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा कानस घेतो. एक हात जास्त फिरला तर आवाज बसतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.